प्रकाशाची साक्ष आणि तेलाची घडण

दोन समज

कच्च्या तेलाच्या तपासणीबद्दल दोन समज रूढ आहेत. एक जुना: तेल काळे आणि दाट, त्यातून प्रकाश आरपार जातच नाही, मग प्रकाशाला त्याच्यातले काय कळणार? दुसरा नवा आणि पहिल्याच्या नेमका उलट: आता यंत्रे आली आहेत, थेंबभर तेल काचेवर ठेवायचे, बटण दाबायचे, की त्यात काय काय आहे त्याची यादी पडद्यावर हजर. पहिला समज प्रयोगशाळांनी केव्हाच खोटा ठरवला. दुसरा मात्र बळावत चालला आहे आणि तोच जास्त घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे.

प्रकाशाला तेलातली यादी वाचता येत नाही. प्रत्येक प्रकाशीय पद्धत तेलाला एकच ठरावीक प्रश्न विचारते आणि तिचे उत्तर बहुधा आधी दुसऱ्या मार्गाने तपासून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडूनच मिळते. प्रश्न कोणता होता आणि तुलना कशाशी झाली, या दोन गोष्टी माहीत असल्या तर प्रकाशाइतका जलद आणि नमुन्याला धक्का न लावणारा तपासनीस दुसरा नाही. त्या माहीत नसल्या तर पडद्यावर तीन दशांश स्थळांपर्यंत उमटलेला आकडाही विश्वासाला पात्र ठरत नाही.

हा वाद तज्ज्ञांपुरता नाही. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालच्या चुनखडकात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या रिगने तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबई हायचे हे तेल उरणमार्गे ट्रॉम्बे-माहुलच्या रिफायनऱ्यांत पोहोचते. माहुलहून निघालेले पेट्रोल-डिझेल मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइनने सोलापूरजवळच्या पाकणी डेपोत येते. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या रिक्षाच्या टाकीत पडणाऱ्या लिटरभर पेट्रोलमागे तपासण्यांची अशी लांब साखळी असते आणि तिच्यातल्या बऱ्याच तपासण्या प्रकाशाने होतात. कोणत्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, हा म्हणून ग्राहकाचाही प्रश्न आहे.

१. तेलाची घडण म्हणजे काय

मूलद्रव्यांच्या हिशेबाने कच्चे तेल अगदी साधे आहे. वजनाने ८३ ते ८७ टक्के कार्बन, १० ते १४ टक्के हायड्रोजन आणि उरलेल्यात गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन व व्हॅनेडियम-निकेलसारख्या धातूंचे अंश. पण या यादीवरून तेलाविषयी फारसे काही कळत नाही. मेणबत्तीचे मेण आणि बेंझीन ही दोन्ही कार्बन-हायड्रोजनचीच. फरक आहे तो अणूंच्या जोडणीत. सरळ किंवा फांद्या फुटलेल्या साखळ्या असल्या तर पॅराफिन, बंद कड्या असल्या तर नॅफ्थीन, बेंझीनसारखी वलये असली तर ॲरोमॅटिक. याखेरीज रेझिन आणि ॲस्फाल्टीन हे जड, गुंतागुंतीचे गट. तेलाचा काळेपणा मुख्यतः यांच्यामुळे.

अतिसूक्ष्म वस्तुमान मोजणाऱ्या आधुनिक यंत्रांनी एकेका तेलात हजारो नव्हे तर दहा-दहा हजारांच्या पटीत वेगवेगळी रेणुसूत्रे मोजली आहेत. एवढ्या रेणूंची संपूर्ण यादी कोणाजवळच नाही, आणि ती असती तरी रिफायनरी तिच्यावर चालली नसती. रिफायनरीला हवे असते ते गटांचे प्रमाण: मेण किती, ॲरोमॅटिक किती, गंधक किती, धातू किती. तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की ‘तेलात काय आहे’ हा प्रश्न या रूपात विचारताच येत नाही. तो आधी लहान लहान प्रश्नांत फोडावा लागतो. प्रकाशाचे काम त्यानंतर सुरू होते.

२. एका आकड्याने भागत नाही

तेलाच्या बाजारात सर्वाधिक बोलला जाणारा आकडा एपीआय अंशांचा. तो घनतेचाच दुसरा चेहरा आहे: तेल जितके हलके तितका अंश मोठा. मुंबई हायचे तेल साधारण ३८-३९ अंशांचे, म्हणजे हलके. त्यात गंधक जेमतेम ०.२ टक्के. सौदीचे ‘अरब हेवी’ सुमारे २७ अंशांचे आणि गंधक ३ टक्क्यांच्या जवळपास. या दोघांमधला फरक घनतेनेही कळतो.

पण घनतेने कळत नाही असे पुष्कळ आहे. मुंबई हायचे तेल हलके असूनही मेणाने भरलेले आहे. त्याचा पोर पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाच्या खाली तेल वाहणेच थांबवते ते तापमान, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. वातानुकूलित खोलीत ठेवलेली बाटली आडवी केली तरी आतले तेल हलत नाही. त्याच घनतेचे दुसरे एखादे तेल, ज्यात कड्या आणि वलये जास्त व मेण कमी, थंडीतही पाण्यासारखे वाहते. घनतेच्या खात्यात दोन्ही सारखीच दिसतात. मूल्य, वाहतूक आणि शुद्धीकरण या तिन्ही बाबतींत ती वेगळी आहेत. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्याचे सर्वांत जुने साधन प्रकाशाचेच आहे.

३. प्रकाश किती वळतो

हवेतून द्रवात शिरताना प्रकाश वळतो. किती वळतो, याचे माप म्हणजे अपवर्तनांक. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात २० अंश तापमानाला हेक्झेनचा अपवर्तनांक १.३७५, सायक्लोहेक्झेनचा १.४२६ आणि बेंझीनचा १.५०१. तिन्हींत कार्बनचे अणू सहाच, पण साखळीपासून कडीकडे आणि कडीपासून वलयाकडे जाताना आकडा चढत जातो. थेंबभर द्रव, एक प्रिझम आणि एक दिवा एवढ्या सामग्रीत जोडणीचा सुगावा लागतो.

या सुगाव्याचे मोल आणि मर्यादा सोलापूर जिल्ह्याला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत रोज दोन प्रकाशीय आकडे घेतले जातात, ब्रिक्स आणि पोल. रिफ्रॅक्टोमीटरवरचा ब्रिक्स रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ सांगतो. त्यात साखर किती आणि इतर क्षार-शर्करा किती, हे त्याला ठाऊक नसते. पोलॅरिमीटर प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचे प्रतल किती फिरले ते मोजतो आणि त्यावरून पोल मिळतो. दोन्ही आकडे शेजारी मांडले तरच रसाची शुद्धता निघते. एकट्या ब्रिक्सवर उसाचा भाव ठरवा, असे कोणताही केमिस्ट म्हणणार नाही.

तेलाच्या क्षेत्रात हीच शिस्त नेदरलँड्समध्ये शेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या व्हान नेस आणि व्हान वेस्टेन यांनी बसवली. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने अपवर्तनांक, घनता आणि रेणुभार या तीन आकड्यांवरून तेलातला किती टक्के कार्बन साखळीत, किती कडीत आणि किती वलयात आहे हे काढण्याची रीत रूढ केली. ती आजही प्रमाण पद्धतींत आहे. पण तिची सूत्रे आली कुठून? आधी इतर मार्गांनी कसून तपासलेल्या अनेक तेलांच्या आकड्यांतून. म्हणूनच गंधक फार वाढले की सूत्र चुकू लागते आणि पद्धतीच्या नियमांतच तिची हद्द लिहून ठेवलेली असते. प्रामाणिक पद्धतीची ही पहिली खूण: ती आपली हद्द स्वतः सांगते.

अपवर्तनांकातला हाच फरक पाइपलाइनीवरही कामाला येतो. एकाच नळीतून एकामागोमाग पेट्रोल, केरोसीन आणि डिझेल सोडले की दोन मालांच्या सीमेवर काही लांबीपर्यंत मिश्रण तयार होते. माल कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, हे ठरवण्यासाठी अशा पाइपलाइनींवर घनतामापकांबरोबर प्रकाशीय संवेदकही बसवले जातात. इथे प्रश्न अगदी नेमका आहे, ‘आता माल बदलला का?’ आणि तुलना नुकत्याच सरकून गेलेल्या मालाशी. त्यामुळे उत्तरही खणखणीत मिळते.

पोलॅरिमीटरचाही तेलाशी जुना संबंध आहे. साखरेच्या द्रावणात प्रकाशाचे फिरणे अभ्यासणाऱ्या ज्याँ-बातिस्त बिओ यांनी १८३५ साली खनिज तेलही प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचे प्रतल फिरवते, असे नोंदवले. निव्वळ रासायनिक क्रियेत डाव्या-उजव्या घडणीचे रेणू सहसा समसमान तयार होतात आणि परस्परांचा परिणाम पुसून टाकतात. एका बाजूचे रेणू जास्त असणे ही सजीवांची खूण. तेलाचा उगम जैविक असल्याच्या पुराव्यांतला हा एक आरंभीचा धागा ठरला.

४. बंधांची कंपने

रेणूतले अणू स्थिर नसतात. त्यांना जोडणारे बंध सतत कंप पावतात. ज्या कंपनाची वारंवारता आणि अवरक्त प्रकाशाची वारंवारता जुळते तिथे तो प्रकाश शोषला जातो. अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ च्या सुमारास शेकडो पदार्थांचे अवरक्त वर्णपट नोंदवले तेव्हा दिसून आले, की रेणू कोणताही असो, त्यातला ठरावीक गट ठरावीक जागीच शोषण करतो. कार्बन-हायड्रोजन बंध ३.४ मायक्रॉनच्या आसपास, बेंझीनचे वलय ६.२ मायक्रॉनला, लांब सरळ साखळी १३.९ मायक्रॉनला.

यातच या पद्धतीचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही. अवरक्त प्रकाशाला बंध दिसतात, रेणू दिसत नाहीत. १३.९ मायक्रॉनचा पट्टा उठला तर तेलात लांब साखळ्या आहेत हे निश्चित. मुंबई हायसारख्या मेणचट तेलात तो ठळक दिसतो. पण त्या साखळ्या २० कार्बनच्या की ३० कार्बनच्या, हे तो पट्टा सांगत नाही. १९५६ साली ब्रांडेस यांनी ६.२ आणि १३.९ मायक्रॉनच्या पट्ट्यांवरून वलयांतला आणि साखळ्यांतला कार्बन मोजण्याची रीत दिली. ती चालते, कारण प्रश्न बंधांचाच होता.

काळेपणाचा जुना आक्षेप इथे निकालात निघतो. १९६० च्या सुमारास पुढे आलेल्या युक्तीत तेलातून प्रकाश आरपार न्यावाच लागत नाही. हिऱ्याच्या किंवा झिंक सेलेनाइडच्या स्फटिकात प्रकाश आतल्या आत परावर्तित केला जातो आणि परावर्तनाच्या जागी तो पृष्ठभागाबाहेर जेमतेम एक-दोन मायक्रॉन डोकावतो. स्फटिकावर लावलेल्या तेलाला त्याचा तेवढाच स्पर्श पुरतो. डांबरासारखा गाळही अशा रीतीने तपासता येतो. तेल किती काळे आहे याने मग काही बिघडत नाही.

५. रंग काय सांगतो

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाने तेलाच्या इतिहासातला बहुधा सर्वांत मोठा शोध लावून दिला. म्युनिकमध्ये आल्फ्रेड ट्रीब्स यांनी १९३४ च्या सुमारास तेलांचे आणि तेलखडकांचे अर्क तपासले. त्यांच्या शोषणपटात ठरावीक जागी पट्टे उमटले आणि ते वनस्पतींतल्या हरितद्रव्याच्या व रक्तातल्या हीमच्या कुळातल्या पॉर्फिरिन संयुगांचे निघाले. मधोमध मॅग्नेशियम किंवा लोहाऐवजी व्हॅनेडियम बसलेले. तेल सजीवांच्या अवशेषांतून बनले, या मताला यातून थेट रेणूंचा आधार मिळाला.

या शोधाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ट्रीब्स यांनी तेल जसेच्या तसे यंत्रात ठेवले नाही. आम्ले, द्रावक आणि निक्षालन यांनी ते आधी वेगळे केले, मग प्रकाशाने पाहिले आणि ज्ञात पॉर्फिरिनांशी ताडले. अखंड तेलात ॲस्फाल्टीनचे शोषण एवढे दाट असते की हे पट्टे त्यात बुडून जातात. रसायनशाळेतली खटपट आधी आणि प्रकाश नंतर, हा क्रम त्यांनी पाळला म्हणून शोध लागला.

६. तेल स्वतः उजळते तेव्हा

जंबुपार प्रकाश पडला की तेलातली ॲरोमॅटिक वलये तो शोषून अधिक लांब तरंगलांबीचा प्रकाश परत सोडतात. ही प्रतिदीप्ती विहिरीवरच्या भूवैज्ञानिकाचे नित्याचे हत्यार आहे. खोदताना चिखलाबरोबर वर येणारा खडकाचा चुरा धुतला जातो आणि अंधाऱ्या पेटीत जंबुपार दिव्याखाली पाहिला जातो. जड तेल तपकिरी-नारिंगी उजळते, मध्यम तेल पिवळट, हलके तेल पांढरट किंवा निळसर. रंगाच्या या पायरीवरून खाली कोणत्या प्रतीचे तेल आहे याचा अंदाज काही मिनिटांत येतो.

मुंबई हायसारख्या क्षेत्रात मात्र एक अडचण मुळातच आहे. तिथला मुख्य तेलसाठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे आणि कॅल्साइट-डोलोमाइट ही खनिजे जंबुपार प्रकाशात स्वतःच उजळतात. पाइपच्या आट्यांना लावलेले वंगणही उजळते. तेव्हा पेटीत दिसलेल्या पिवळ्या ठिपक्याला थेट तेल म्हणणे ही घाई ठरते. जाणकार भूवैज्ञानिक तो कण चिनी मातीच्या बशीत वेगळा काढतो आणि त्यावर द्रावकाचे थेंब टाकतो. खनिजाची चमक जागच्या जागी राहते. तेल असेल तर कणातून उजळत्या प्रकाशाचे धागे द्रावकात पसरू लागतात; विहिरीवरचे लोक याला ‘कट’ म्हणतात. कट किती वेगाने सुटला, द्रावक उडून गेल्यावर बशीत कोणत्या रंगाचे कडे राहिले, हेही नोंदवले जाते. साध्या दिव्याच्या तपासणीतही प्रकाशाच्या साक्षीची उलटतपासणी द्रावकाने केली जाते, आणि ती करणाराच खरा तज्ज्ञ.

याच प्रतिदीप्तीमुळे दुसऱ्या एका भारतीय पद्धतीचा रस्ता अडतो. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेला परिणाम रेणूंची कंपने दृश्य प्रकाशात वाचू देतो. स्वच्छ पेट्रोलवर तो सुरेख चालतो. कच्च्या तेलावर दृश्य लेसर टाकला की प्रतिदीप्तीचा लोंढा एवढा मोठा येतो की रामन परिणामाच्या क्षीण रेषा त्यात दिसेनाशा होतात. १.०६४ मायक्रॉनचा अवरक्त लेसर वापरून ही अडचण बरीच कमी करता येते, पूर्ण संपत नाही. पद्धत थोर असणे आणि ती या नमुन्याला लागू पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

गंधकाच्या बाबतीत मात्र प्रतिदीप्ती निर्विवाद उपयोगी ठरली आहे. नमुना जाळून त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड केला जातो, त्यावर जंबुपार प्रकाश सोडला जातो आणि वायू किती उजळला ते मोजले जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन लागू झाले आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भागांवर आली. मुंबई हायच्या मुळातच स्वच्छ तेलातही हे प्रमाण दोन हजारांच्या घरात असते. एवढ्या सूक्ष्म मर्यादेचा पहारा प्रकाशावर सोपवता आला, कारण जाळल्यानंतर प्रश्न एकाच रेणूचा उरला.

७. जवळचे अवरक्त आणि सहसंबंधाचे गणित

पडद्यावर यादी उमटवणारे म्हणून जे यंत्र ओळखले जाते ते बहुधा जवळच्या अवरक्त पट्ट्यात, ०.७८ ते २.५ मायक्रॉनमध्ये काम करते. इथे बंधांच्या मूळ कंपनांच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतांची क्षीण शोषणे दिसतात. शोषण क्षीण असल्यामुळे प्रकाश तेलात खोल शिरतो आणि काचेच्या तंतूतून लांबवर नेता येतो. ही मोठी सोय. गैरसोय अशी, की सगळे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात. एकेक पट्टा सहसा स्वतंत्र वाचता येत नाही. म्हणून गणिताची मदत घ्यावी लागते: ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत अशा अनेक नमुन्यांचे वर्णपट संगणकाला देऊन वर्णपट आणि उत्तर यांचा सहसंबंध काढला जातो.

१९८९ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅलिस आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक वर्णपटावरून सांगून दाखवला. रिफायनऱ्यांनी ही पद्धत झटपट उचलली, आणि योग्यच केले. पण ऑक्टेन हा कोणता बंध नाही. इंजिनात इंधन ठोका देते की नाही, याचे ते माप आहे आणि त्याचा मूळ आकडा प्रमाणित चाचणी-इंजिनावरच ठरतो. वर्णपटाला फक्त घडण दिसते. त्या घडणीच्या पूर्वीच्या पेट्रोलांनी इंजिनात काय केले, हे गणिताला आठवते. आठवणीत नसलेली घडण समोर आली की यंत्र तरीही आकडा देते. चूक होते ती इथेच.

मुंबई हायचे तेल या चुकीचा चांगला नमुना पुरवते. ॲस्फाल्टीनचे शोषण लांब तरंगांकडून आखूड तरंगांकडे सतत चढत जाते. त्या चढावरून ॲस्फाल्टीन किती ते काढतात. आता मेणचट तेलाचा नमुना खोलीच्या तापमानाला मोजला तर त्यात मेणाचे बारीक स्फटिक धरलेले असतात. ते प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात. आणि विखुरणेही आखूड तरंगांकडे वाढतच जाते. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही चढ सारखेच. मेणाला ॲस्फाल्टीन समजण्याची चूक होते, आकडा मात्र नीटनेटका छापून येतो. उपाय सोपा आहे: बंद बाटलीत नमुना स्फटिक वितळेपर्यंत गरम करायचा, हलवून एकजीव करायचा, तेवढ्याच गरम पेटीत मोजायचा. बाटली उघडी ठेवून गरम केली तर हलके घटक उडून जातात आणि दुसरीच चूक पदरात पडते. हे कोणत्याही वर्णपटात लिहिलेले नसते. ते तेल ओळखणाऱ्या माणसाला माहीत असते.

हेच तंत्र विहिरीच्या तळाशीही गेले आहे. १९९० च्या दशकापासून नमुना घेणाऱ्या अवजारात नीलमण्याच्या खिडक्या बसवून खालच्या दाबात-तापमानातच द्रव तपासला जातो. पाणी १.४५ आणि १.९३ मायक्रॉनला, मिथेन १.६७ मायक्रॉनच्या आसपास, इतर हायड्रोकार्बन त्याच्या किंचित पलीकडे ओळखू येतात. सुरुवातीला अवजारात खोदकामाच्या चिखलातला द्रव शिरतो; उपसत राहिले की शोषण हळूहळू बदलत एका पातळीवर स्थिरावते आणि तेव्हाच नमुन्याची बाटली बंद करतात. तिथे प्रश्न ‘तेलात काय आहे’ असा नसून ‘आता शुद्ध तेल येऊ लागले का’ असा असतो.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा: रेणू एकेक करून वेगळे करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी असताना प्रकाशाच्या या अंदाजांची गरज काय? क्रोमॅटोग्राफी अधिक तपशील देते हे खरे. सांडलेले तेल कोणत्या जहाजाचे, गोव्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या डांबरगोळ्यांचा उगम कोणता, अशा वादांत अखेरचा शब्द तिचाच, आणि तो तिचाच असावा. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर ‘चित्रा’ आणि ‘खलीजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले, तशा प्रसंगी वरवर पाहून कोणावर ठपका ठेवता येत नाही. पण क्रोमॅटोग्राफीतून जाण्यासाठी पदार्थ वाफ व्हावा लागतो. तेलाचा जड भाग होत नाही. शिवाय तिला वेळ लागतो. नळीतून वाहणाऱ्या मालावर क्षणाक्षणाला नजर ठेवणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. दोन्हींची कामे वेगळी आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जोरकस आहे: नमुने भरपूर दिले आणि गणित पुरेसे शक्तिमान केले की हद्दीचा प्रश्न आपोआप सुटेल. सुटत नाही. संगणकाला दिलेले प्रत्येक उत्तर कोणत्या तरी प्रयोगशाळेत इंजिन चालवून, ऊर्ध्वपातन करून, द्रावकाने गट वेगळे करून मिळवावे लागते. त्या मोजमापातली चूक गणितात उतरते. आणि परदेशी तेलाची नवी जात रिफायनरीत आली, की तिचे नमुने पुन्हा जुन्याच मार्गाने तपासल्याशिवाय गणिताला तिची ओळख होत नाही. गणित सुधारल्याने प्रयोगशाळेची गरज संपत नाही. उलट तिथल्या कामात हयगय चालेनाशी होते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: अंदाज तर अंदाज, पण वेगाने मिळतो ना? यात तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवे. अट एवढीच, की अंदाजाला अंदाज म्हणून वागवावे, म्हणजे संशयित नमुना वेगळा काढण्यासाठी वापरावे, कोणाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे.

९. पाकणी ते पंप

या अटीचे महत्त्व भेसळीच्या प्रश्नात दिसते. महाराष्ट्राने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे: २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार पकडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पंपावर ग्राहकाला घनता तपासून मागण्याचा हक्क आहे; १५ अंशांना पेट्रोलची घनता ७२० ते ७७५ किलो प्रति घनमीटर असावी लागते. पण एवढ्या रुंद पट्ट्यात बसणारे मिश्रण जुळवणे भेसळ करणाऱ्याला अवघड नाही. रेशनच्या केरोसीनला दिलेला निळा रंगही काढून टाकता येतो, हे उघड गुपित आहे. एकाच आकड्यावर किंवा एकाच रंगावर विसंबलेली व्यवस्था अशीच चकते.

हातात धरण्याजोगी अवरक्त यंत्रे हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. ती जरूर घ्यावीत. पण कोणत्या प्रश्नासाठी, हे आधी ठरवावे. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हा प्रश्न सोपा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही येणारे हे इथेनॉल हायड्रोकार्बनांपेक्षा वेगळे आहे. त्याच्या कार्बन-ऑक्सिजन बंधाचा पट्टा ९.५ मायक्रॉनला स्वच्छ उभा राहतो. डिझेलमधल्या केरोसीनचा प्रश्न मात्र खरोखर कठीण. दोन्ही एकाच तेलातून निघालेली, दोन्हींत तेच बंध, आणि केरोसीनमधले बरेचसे रेणू डिझेलमध्येही असतातच. थोडे केरोसीन मिसळल्याने वर्णपटात पडणारा फरक हा वेगवेगळ्या तेलांपासून बनलेल्या दोन निर्भेळ डिझेलमधल्या फरकाहून लहान असू शकतो. सर्वसाधारण डिझेलशी केलेली तुलना इथे निरुपयोगी आहे. ती निर्दोष पंपचालकाला अडकवील आणि सराईताला सोडून देईल. तुलना त्याच घाऊक मालाशी झाली तर मात्र तो लहान फरकही उठून दिसतो.

त्यासाठी लागणारी चौकट बरीचशी तयार आहे. टँकरच्या मालाचे नमुने पंपावर सीलबंद डब्यात जपून ठेवण्याची पद्धत आहेच. तिच्या जोडीला डेपोतल्या मालाचा वर्णपट नोंदवून ठेवावा लागेल. तो माहुलला घेऊन चालणार नाही, कारण इथेनॉल पाइपलाइनीतून येत नाही, ते डेपोत मिसळले जाते. शिवाय पाइपलाइनीत दोन मालांच्या सीमेवरचे मिश्रण किती आणि कुठे वळवले, हेही डेपोतच ठरते. म्हणून पेट्रोलचा वर्णपट पाकणीत, इथेनॉल मिसळून टँकर भरल्यावर, ठरलेल्या तापमानाला घ्यायचा; डिझेलचा टाकी भरून स्थिरावल्यावर; आणि त्याचा क्रमांक टँकरच्या चलनावर लिहायचा. पंपावर संशय आला की तिथला नमुना आधी त्या क्रमांकाच्या वर्णपटाशी ताडायचा, फरक दिसला तरच सील केलेला डबा ऊर्ध्वपातनासाठी आणि क्रोमॅटोग्राफीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचा.